कळ नसलेल्या मूत्राशयाचे मोजमाप

मूत्राशयाला दोनच कामे असतात: लघवी साठवून ठेवायची आणि योग्य वेळी, योग्य जागी ती बाहेर टाकायची. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 300 ते 500 मिलिलिटर लघवी आरामात मावते. ती साठत असताना मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू सैल राहतो आणि मूत्रमार्गाभोवतीचा झडपेचा स्नायू आवळलेला असतो. लघवी करताना नेमके उलटे घडते, म्हणजे झडप आधी सैल पडते आणि मग भिंत आवळते. हा क्रम सांभाळणारे मज्जातंतू मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाशी, त्रिक भागाच्या दुसऱ्या ते चौथ्या पातळीतून निघतात. दोन्ही स्नायूंचा ताळमेळ घालणारे केंद्र मात्र मेंदूच्या देठात असते. बॅरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1925 साली मांजरांवरच्या प्रयोगांतून ते दाखवून दिले. ‘आत्ता नको, थोडे थांब’ हा हुकूम त्याहून वरून, मेंदूच्या पुढच्या भागातून येतो.

ही साखळी कुठे तुटली यावर त्रासाचे स्वरूप ठरते. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या माणसात बहुधा ताळमेळ टिकून राहतो, पण वरचा लगाम सुटतो. मग एकाएकी घाईची लागते आणि संडासापर्यंत पोचायच्या आत कपडे भिजतात. मज्जारज्जूला मध्येच इजा झाली, किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजाराने तिथले तंतू खराब झाले, तर मूत्राशय आपल्या मर्जीने आवळते आणि त्याच वेळी झडपही आवळते. बंद दारावर आतून धडका बसाव्यात तसा हा प्रकार असतो आणि या बिघाडांतला सर्वांत धोक्याचाही तोच, कारण आतला वाढलेला दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. इजा अगदी खालच्या टोकाला असेल तर मूत्राशय लुळे पडते, तुडुंब भरते आणि लघवी नुसती ओघळत राहते. जुन्या मधुमेहात आधी भरल्याची जाणीव मंदावते. माणूस दिवसातून दोन-तीनदाच लघवीला जातो आणि त्यात काही बिघडले आहे असे त्याला वाटतही नाही.

पहिल्या महायुद्धात कंबरेखाली लुळे पडलेले बहुतेक सैनिक पडून राहिल्याने अंगावर झालेल्या जखमा आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांनीच दगावले. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल येथे 1944 साली लुडविग गुट्मन यांनी मज्जारज्जूच्या इजेसाठी वेगळा विभाग सुरू केला आणि मूत्राशयाची निगा हा तिथल्या उपचाराचा कणा ठरला. 1972 साली अमेरिकेत जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिले की, रुग्णाने स्वतः, साध्या स्वच्छ हातांनी, दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून मूत्राशय रिकामे केले तरी चालते. त्यासाठी शस्त्रक्रियागृहातले निर्जंतुक वातावरण लागत नाही. या एका बदलाने असंख्य मूत्रपिंडे वाचली. माणसे जगू लागली, कामावर जाऊ लागली, संसार करू लागली आणि मग पुढचा प्रश्न उभा राहिला. मूत्रपिंड शाबूत आहे, पण लघवीच्या त्रासाने दिवस कसा जातो हे कसे मोजायचे? त्रास मोजता आला नाही तर उपचाराने तो कमी झाला की नाही हे तरी कशावरून ठरवायचे?

अडचण अशी की, लघवीची लक्षणे विचारण्याची नेहमीची पद्धत इथे लंगडी पडते. लघवीला कितीदा जावे लागते, कळ येते का, जळजळ होते का, या प्रश्नांना जाणीव शाबूत असलेला माणूस सहज उत्तर देतो. कंबरेखालची संवेदनाच गेलेल्या माणसाला कळही येत नाही आणि जळजळही होत नाही. त्याचे शरीर आडवाटेने निरोप पाठवते. पायांतले झटके वाढतात, अंगावर काटा येतो, कपाळाला घाम फुटतो, उगाच गळून गेल्यासारखे वाटते. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल, तर मूत्राशय भरल्याने किंवा नळी अडकल्याने रक्तदाब अचानक चढतो आणि डोके ठणकू लागते. ही अवस्था वेळीच ओळखली नाही तर जिवावर बेतू शकते. म्हणून अशा माणसाच्या बाबतीत घाम आणि डोकेदुखी हीदेखील लघवीचीच लक्षणे समजावी लागतात.

1992 साली अमेरिकन यूरोलॉजिकल असोसिएशनने तयार केलेली सात प्रश्नांची गुणपद्धती आज जगभर वापरली जाते. भारतातही पन्नाशी उलटलेल्या पुरुषांना ती भरायला देतात. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 5 गुण, एकूण 35. धार बारीक आहे का, कुंथावे लागते का, रात्री कितीदा उठावे लागते, असे तिचे प्रश्न आहेत. प्रोस्टेटच्या वाढीसाठी ती उत्तम आहे. पण नकळत लघवी होते का, हा प्रश्न तिच्यात नाहीच. शिवाय नळीने मूत्राशय रिकामे करणाऱ्याने धारेविषयी काय लिहायचे? कायमची नळी आणि पिशवी लावलेला माणूस या प्रश्नावलीत चांगले गुण मिळवून जवळपास निरोगी ठरू शकतो. प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला की उत्तर अचूक असूनही निरुपयोगी ठरते, आणि या क्षेत्रात ती चूक बराच काळ होत राहिली.

मोजमापाची सुरुवात सर्वांत स्वस्त साधनाने होते. एक वही, पेन आणि मापाच्या रेघा असलेला प्लास्टिकचा मग पुरतो. किमान तीन दिवस, प्रत्येक वेळी किती वाजता आणि किती लघवी झाली, काय आणि किती प्यायले, कधी कपडे भिजले याची नोंद करायची. व्हीलचेअर वापरणाऱ्या आणि दिवसातून पाचदा नळी घालणाऱ्या एखाद्या माणसाच्या वहीचे पान असे असू शकते: सकाळी सहाला 650 मिलिलिटर, दहाला 250, दुपारी दोनला 300, संध्याकाळी सहाला 220, रात्री साडेदहाला 280, पहाटे साडेचारला अंथरूण ओले. दिवसाची बेरीज 1,700 होते आणि ती ठीकच आहे. पण त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग एकट्या रात्रीचा आहे, शिवाय अंथरुणात गेली ती वेगळी. याचा दोष मूत्राशयाला देता येत नाही. दिवसभर खुर्चीत बसल्याने पाय सुजतात आणि आडवे झाल्यावर ते पाणी रक्तात परतून मूत्रपिंडांत उतरते. संध्याकाळी काही वेळ पाय उंच करून पडणे, रात्रीच्या जेवणानंतर पाणी बेताने पिणे आणि मध्यरात्री एकदा नळी घालणे, एवढ्याने पुष्कळदा काम भागते. वही नसती तर याच माणसाला मूत्राशय सैल करणारी गोळी वाढवून मिळाली असती आणि तोंडाला कोरड व बद्धकोष्ठ पदरी पडले असते.

वही वाचताना ऋतूही पाहावा लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात घामावाटे इतके पाणी जाते की लघवी निम्म्यावर येऊ शकते, आणि मार्चमधल्या नोंदींशी मेमधल्या नोंदींची तुलना फसते. पाणी पिण्याचा रकाना तर कधीच गाळू नये. बाहेर सोयीचे संडास नाहीत म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर राहणाऱ्या बायकांच्या वहीत गळती कमी दिसते. ती उपचारांमुळे कमी झालेली नसते, तहान मारून कमी केलेली असते.

लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते हेही मोजता येते. नळी घालून पाहता येते किंवा सोनोग्राफीने. सोनोग्राफीत मूत्राशयाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला 0.52 ने गुणतात. समजा ही मापे 8, 7 आणि 6 आली, तर सुमारे 175 मिलिलिटर लघवी आत शिल्लक आहे. एकाच वेळच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, कारण दवाखान्याच्या घाईगर्दीत कुणालाही नीट लघवी होत नाही. गळती किती होते हे वजनावरून कळते. पॅड किंवा डायपर आधी कोरडे आणि मग ओले तोलायचे. एक ग्रॅम वाढला म्हणजे सुमारे एक मिलिलिटर लघवी.

वही आणि सोनोग्राफी यांनी प्रमाण कळते, दाब कळत नाही. त्यासाठी यूरोडायनॅमिक तपासणी करावी लागते. एक बारीक नळी मूत्राशयात आणि दुसरी गुदमार्गात ठेवतात. पहिलीवर मूत्राशयातला दाब कळतो, दुसरीवर पोटाचा. दोहोंची वजाबाकी केली की मूत्राशयाच्या स्नायूचा स्वतःचा दाब उरतो. सुरुवातीलाच रुग्णाला खोकायला सांगतात. खोकल्यासरशी पडद्यावरच्या दोन्ही रेषा सारख्याच उसळल्या आणि वजाबाकीची रेषा सपाट राहिली, तरच नळ्या बरोबर बसल्या असे मानतात. मग शरीराइतके कोमट केलेले सलाईन हळूहळू भरतात. मज्जातंतूंच्या रुग्णांत वेग मुद्दाम कमी ठेवतात, कारण भराभर किंवा थंड पाणी भरले तर एरवी न येणारे आचके येतात आणि तपासणी स्वतःच आजार निर्माण करते. इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेलाच असतो.

या आलेखात एक गोष्ट पाहण्यासारखी असते. निरोगी मूत्राशय 300 मिलिलिटर भरले तरी आतला दाब जेमतेम काही सेंटिमीटर पाण्याइतकाच वाढतो. भिंत ताठर झाली असेल, तर तेवढ्याच पाण्याला दाब 30 सेंटिमीटरने चढतो, म्हणजे दर सेंटिमीटर दाबामागे फक्त 10 मिलिलिटर जागा मिळते. एडवर्ड मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी 1981 साली जन्मतः मज्जारज्जूचा दोष असलेल्या 42 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची लघवी 40 सेंटिमीटरहून जास्त दाबाला गळू लागत होती, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मूत्रपिंडांकडच्या नळ्या फुगलेल्या होत्या. त्याखालच्या दाबाला गळणाऱ्यांत असे क्वचितच आढळले. तेव्हापासून 40 हा आकडा या शाखेत पक्का रुजला. तो दगडावरची रेघ नाही, दिवसातला किती वेळ दाब चढलेला राहतो हेही तितकेच महत्त्वाचे असते. पण गळतीचा अर्थ त्याने उलगडला. कपडे कोरडे राहणाऱ्या मुलाच्या आईला वाटते सारे ठीक आहे, आणि त्याच मुलाची मूत्रपिंडे गुपचूप निकामी होत असू शकतात.

मोजमापाच्या शास्त्रातली ही सर्वांत अवघड गाठ आहे. त्रास आणि धोका हातात हात घालून चालत नाहीत. थेंब थेंब गळणारा, लाजेने घराबाहेर न पडणारा माणूस मूत्रपिंडांच्या दृष्टीने सुरक्षित असू शकतो, आणि कसलीच तक्रार नसलेला धोक्यात. म्हणून यंत्राने धोका मोजावा आणि त्रास माणसाला विचारावा. एकाचे काम दुसऱ्यावर सोपवले की कुणाचे तरी नुकसान होते.

त्रास विचारण्यासाठी गेल्या पंचवीस वर्षांत खास प्रश्नावल्या बनल्या. फ्रान्समधली ‘क्वालिव्हीन’ 2001 साली मज्जारज्जूच्या इजेच्या रुग्णांसाठी प्रसिद्ध झाली. तिच्यात 30 प्रश्न आहेत आणि ते लक्षणांपेक्षा जगण्याला भिडतात: लघवीमुळे कुठे जाता येत नाही, किती वेळ खर्ची पडतो, वास येईल याची भीती वाटते का, स्वतःविषयी काय वाटते. पुढे तिची आठ प्रश्नांची छोटी आवृत्तीही निघाली, आणि गर्दीच्या ओपीडीत तीच परवडते. कॅनडात ब्लेन वेल्क आणि सहकाऱ्यांनी 2014 साली मांडलेली प्रश्नावली लक्षणांवर भर देते. तिचे 24 प्रश्न तीन गटांत आहेत: गळती, साठवण व विसर्जन, आणि जंतुसंसर्ग, मुतखडे, औषधांचा त्रास यांसारखे परिणाम. एकूण गुण 74. गुण जितके जास्त तितका त्रास मोठा. नळी घालणारे, पिशवी लावणारे आणि स्वतः लघवी करणारे अशा सर्वांना ती भरता यावी याची काळजी तिच्यात घेतली आहे.

बेरीज पाहताना मात्र भान हवे. दोघांचेही गुण 30 आले तरी एकाचे बहुतेक गुण गळतीचे आणि दुसऱ्याचे वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गासारख्या परिणामांचे असू शकतात. पहिल्याला मूत्राशयात स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनमचे इंजेक्शन देऊन फायदा होईल, दुसऱ्याला नळी घालण्याची रीत पुन्हा शिकवावी लागेल. त्यामुळे गटवार गुणच खरे बोलके असतात.

जंतुसंसर्गाचा प्रश्न तर स्वतंत्रपणेच पाहावा लागतो. नियमित नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू जवळजवळ नेहमीच सापडतात. नुसता कल्चरचा अहवाल पाहून प्रतिजैविक देणे चुकीचे आहे. लक्षणे नसताना अशा रुग्णांत जंतू शोधू नयेत आणि सापडले तरी त्यांवर उपचार करू नयेत, असे अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले आहे. मग सारी भिस्त लक्षणांवर येते, आणि जिथे जळजळ जाणवतच नाही तिथे लक्षणे म्हणजे काय हे आधी ठरवावे लागते. वॉशिंग्टनमधल्या संशोधकांनी त्यासाठी रुग्णांनाच विचारले. स्वतः लघवी करणारे, वेळोवेळी नळी घालणारे आणि कायमची नळी असलेले अशा तिघांसाठी त्यांनी वेगवेगळ्या याद्या केल्या. वेळोवेळी नळी घालणाऱ्यांच्या यादीत 29 लक्षणे आहेत. लघवी गढूळ होणे, वास बदलणे, तळाशी गाळ दिसणे, दोन वेळांच्या मध्ये गळती सुरू होणे, झटके वाढणे अशा गोष्टी तिच्यात येतात. त्यांतल्या काही सहज घेण्यासारख्या, तर ताप आणि रक्तदाबाची उसळी यांसारख्या लगेच धावपळ करायला लावणाऱ्या आहेत. वास आला की पाणी वाढवून एक-दोन दिवस पाहावे, ताप आला की डॉक्टर गाठावा, हा फरक रुग्णाच्या हाती देणे हे प्रतिजैविकांचा वापर आवरण्यासाठी फार मोलाचे आहे.

प्रश्नावली छापली म्हणजे ती मापनाचे साधन झाली असे होत नाही. त्रासात बदल नसलेल्या माणसाने दोन आठवड्यांनी पुन्हा भरली तर गुण साधारण तेच यायला हवेत. त्रास जास्त असलेल्यांचे गुण खरोखर जास्त यायला हवेत, आणि उपचार लागू पडला तर ते उतरायला हवेत. शिवाय किती गुण उतरले म्हणजे माणसाला फरक जाणवतो, हेही ठरवावे लागते. नाहीतर कागदावरची सुधारणा कागदावरच राहते. गेल्या महिन्यातले आठवून सांगा म्हटले की शेवटचा वाईट दिवस तेवढा आठवतो, म्हणून आठवड्यापुरती विचारणा जास्त भरवशाची ठरते. उदाहरणार्थ, बोट्युलिनमच्या इंजेक्शनला 2011 साली अमेरिकेत मज्जातंतूंच्या मूत्राशयविकारासाठी मान्यता मिळाली. ती मिळवून देणाऱ्या चाचण्यांत मुख्य निकष आठवड्यात किती वेळा गळती झाली हा होता, आणि तो आकडा रुग्णांच्या नोंदवह्यांतूनच आला होता.

दुसऱ्या भाषेत प्रश्नावली नेताना हे सारे पुन्हा तपासावे लागते. रिवाज असा आहे की दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, त्यांचा मेळ घालायचा, मूळ प्रत न पाहिलेल्याने ती पुन्हा मूळ भाषेत न्यायची आणि शेवटी रुग्णांपुढे ठेवून त्यांना काय कळले ते विचारायचे. मराठीत हे करताना नुसते व्याकरण सांभाळून भागत नाही. ‘दिवसाला किती पॅड लागतात’ हा प्रश्न जुन्या सुती साडीच्या घड्या वापरणाऱ्या बाईला लागू पडत नाही. ‘असंयम’ हा शब्द छापला तर कुणी ते आपल्या स्वभावाविषयी समजेल. ‘नकळत लघवी होते का’ असे विचारले की अचूक उत्तर येते. सासरच्या माणसांसमोर प्रश्न विचारले तर सारी उत्तरे ‘नाही’ येतात. मानेच्या इजेने हात लुळे पडलेल्याची नळी बायको किंवा आई घालते, आणि तिचा दिवस त्याच वेळापत्रकाला बांधलेला असतो. तिचा भार बहुतेक प्रश्नावल्यांत कुठेच उतरत नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती भरून निघायला हवी.

सरावाचा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. इजेनंतर दहा वर्षांनी माणूस ‘त्रास काही नाही’ असे मनापासून सांगतो, कारण त्याने प्रवास, लग्नकार्ये आणि लांबचे काम केव्हाच सोडून दिलेले असते. म्हणून त्रास किती याच्या जोडीला काय काय बंद झाले हेही विचारावे. रक्तातल्या क्रिएटिनिनचेही तसेच आहे. लुळ्या अंगातले स्नायू झडलेले असल्याने क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते आणि मूत्रपिंड बरेच खराब झाले तरी आकडा निरोगी माणसाच्या मर्यादेतच दिसतो. अशांत सिस्टॅटिन-सी ही तपासणी जास्त खरी ठरते, कारण ती स्नायूंवर अवलंबून नसते.

या रुग्णांना वर्षातून एकदा तरी मूत्रपिंडांची सोनोग्राफी लागते आणि दाब चढा असेल तर सहा महिन्यांनी. यूरोडायनॅमिक तपासणी सुरुवातीला एकदा करून ठेवावी. उपचार बदलल्यावर, नव्याने गळती सुरू झाल्यावर किंवा सोनोग्राफीत मूत्रपिंडांकडच्या नळ्या फुगलेल्या दिसल्यावर ती पुन्हा करावी. तीन दिवसांची वही आणि छोटी प्रश्नावली मात्र प्रत्येक भेटीआधी घरीच भरून नेता येते. त्यांना सुईही लागत नाही आणि पैसाही. भेटीच्या दिवशी मागच्या वेळचे गुण शेजारी ठेवले की गोळी वाढवायची, नळीच्या वेळा बदलायच्या की काहीच करायचे नाही, हे डॉक्टर आणि रुग्ण मिळून ठरवू शकतात.